सल्फेट गेले तरी खूण राहावी म्हणून: अतिसल्फेटयुक्त रेणू मास स्पेक्ट्रोमीटरने कसे वाचतात

हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध हृदयाच्या शस्त्रक्रियेत, डायलिसिसमध्ये आणि शिरांमधील गुठळ्यांच्या उपचारांत जगभर रोज वापरले जाते. हे औषध कारखान्यात अणूला अणू जोडून घडवलेले नसते. ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढले जाते. रासायनिकदृष्ट्या ती शर्करांची एक लांब साखळी असते. या साखळीत दोन प्रकारच्या शर्करा आलटूनपालटून येतात आणि अशा प्रत्येक जोडीवर सरासरी पावणेतीनच्या आसपास सल्फेट गट (गंधक आणि ऑक्सिजन यांचे गट) बसलेले असतात. प्रत्येक सल्फेट गटावर ऋण विद्युतभार असल्यामुळे हेपॅरिन हा सजीवसृष्टीत आढळणाऱ्या सर्वाधिक ऋणभारित रेणूंपैकी एक ठरतो. मात्र त्याचे औषधी काम या संपूर्ण भाराने होत नाही. साखळीतला पाच शर्करांचा एक विशिष्ट तुकडा रक्तातील अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला घट्ट धरतो आणि त्याचे कार्य अनेक पटींनी वाढवतो. या तुकड्याच्या मधल्या ग्लुकोसामाइन शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवर एक सल्फेट गट असतो. तेवढा एक गट काढून घेतला, तर ही पकड हजारो पटींनी सैल होते.

म्हणूनच अशा रेणूंच्या अभ्यासात खरा प्रश्न सल्फेट किती आहेत हा नसून ते नेमके कुठे आहेत हा असतो, आणि या प्रश्नाचे उत्तर मिळवणे फार अवघड आहे. प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. तो एकदा वाचला की प्रथिनाची मूळ साखळी समजते. हेपॅरिन किंवा त्याचे पेशींवर आढळणारे भावंड हेपॅरान सल्फेट यांच्या सल्फेटांचा क्रम मात्र कोणत्याही जनुकात नोंदवलेला नाही. पेशीतील अनेक एन्झाइमे साखळीवर एकामागून एक काम करतात, प्रत्येक एन्झाइम काही जागांवर काम करते, काही सोडते, आणि त्यातून एकाच ऊतीतही निरनिराळ्या साखळ्यांचे मिश्रण तयार होते. शक्यता किती, याचा हिशेब सहज मांडता येतो. जोडीतली एक शर्करा ग्लुक्युरोनिक किंवा इड्युरोनिक आम्ल असू शकते आणि तिच्या दुसऱ्या कार्बनवर सल्फेट असेल किंवा नसेल, म्हणजे चार पर्याय झाले. ग्लुकोसामाइनच्या नायट्रोजनवर सल्फेट, ॲसिटिल किंवा काहीच नाही असे तीन पर्याय, आणि तिसऱ्या व सहाव्या कार्बनवर सल्फेट असणे-नसणे असे दोन-दोन पर्याय, म्हणजे बारा. चार गुणिले बारा म्हणजे एका जोडीसाठी ४८ कागदी शक्यता, आणि अशा तीन जोड्या सलग आल्या तर १,१०,५९२. निसर्ग यातल्या बऱ्याच शक्यता वापरत नाही, परंतु जे वापरले गेले ते ओळखण्यासाठी प्रत्येक जागा तपासावीच लागते.

हे काम ज्या यंत्राकडून करून घ्यायचे, ते म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याचे तत्त्व साधे आहे: रेणूला विद्युतभार देऊन तो वायुरूप अवस्थेत आणायचा, विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रांतून त्याचा प्रवास घडवायचा आणि त्या प्रवासावरून त्याच्या वस्तुमानाचे भाराशी असलेले गुणोत्तर मोजायचे. मोठे, नाजूक जैविक रेणू न मोडता वायुरूपात आणण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. आज या यंत्रांची अचूकता इतकी आहे की सल्फेट आणि फॉस्फेट यांच्यातला फरकही त्यांना दिसतो. सल्फेटमुळे रेणूचे वस्तुमान ७९.९५७ डॉल्टनने (डॉल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढे वस्तुमान) वाढते आणि फॉस्फेटमुळे ७९.९६६ डॉल्टनने, म्हणजे अंतर एका डॉल्टनच्या शंभराव्या भागाहूनही किंचित कमी आहे. पण वस्तुमान कितीही अचूक कळले, तरी चौथ्या कार्बनवर सल्फेट असलेल्या आणि सहाव्या कार्बनवर सल्फेट असलेल्या दोन रेणूंचे वस्तुमान तंतोतंत सारखेच असते. त्यांच्यातला भेद कळण्यासाठी रेणू यंत्रातच मोडावा लागतो आणि तुकड्यांच्या वस्तुमानांवरून मूळ रचना जुळवावी लागते. बहुतेक यंत्रांत हे मोडणे नायट्रोजन, आर्गॉन किंवा हेलियमसारख्या निष्क्रिय वायूच्या रेणूंवर आयन, म्हणजे भारित रेणू, आदळवून केले जाते.

अडचण नेमकी कुठे आहे

टकरीतून मिळालेली ऊर्जा रेणूभर पसरते आणि सर्वांत कमकुवत बंध आधी तुटतो. सल्फेटयुक्त शर्करांमध्ये हा कमकुवत बंध शर्करांना एकमेकींशी जोडणारा नसतो, तर सल्फेटला शर्करेशी जोडणारा असतो. परिणामी साखळी मोडण्याच्या आधीच सल्फर ट्रायऑक्साइड गळून पडतो, वस्तुमान ८० डॉल्टनने घटते आणि ज्या ऑक्सिजनवर तो गट होता तिथे साधा हायड्रॉक्सिल गट उरतो. आता ही जागा सल्फेट कधीच नसलेल्या शेजारच्या हायड्रॉक्सिल गटांसारखीच दिसते. जी माहिती शोधायची होती, तीच सर्वांत आधी पुसली जाते. याहून गंभीर गोष्ट अशी की काही वेळा सल्फेट पूर्णपणे निघून न जाता यंत्राच्या आत, वायुरूप अवस्थेतच, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकते, आणि मग तुकड्यांचा वर्णपट (वस्तुमानांचा आलेख, ज्यात प्रत्येक आयन एका शिखराने दिसतो) एखादी अशी रचना दाखवतो जी नमुन्यात मुळात नव्हतीच. माहिती न मिळणे परवडते. खोटी माहिती विश्वासार्ह रूपात मिळणे संशोधनासाठी जास्त घातक असते.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्या रेणूंमध्ये गंधक थेट कार्बनला जोडलेला असतो, त्या सल्फोनेटांना ही दुर्बलता नसते. कार्बन आणि गंधक यांच्यातला बंध टकरीत बऱ्यापैकी टिकतो. इथे चर्चा आहे ती ऑक्सिजनमार्फत किंवा नायट्रोजनमार्फत जोडलेल्या सल्फेटची.

सल्फेट गळण्यामागे प्रोटॉनचा हात मोठा आहे. सल्फेट गटाने आपला प्रोटॉन सोडला असेल आणि तो ऋणभारित अवस्थेत असेल, तर तो तुलनेने टिकाऊ असतो. प्रोटॉन परत आला की सल्फर ट्रायऑक्साइड बाहेर पडण्याचा मार्ग सोपा होतो. मग सगळ्याच सल्फेटांचे प्रोटॉन काढून टाकले तर? कल्पना योग्य आहे, पण एका लहान रेणूवर जवळजवळ बसलेल्या अनेक ऋणभारांचे परस्पर प्रतिकर्षण इतके असते की वायुरूपात सर्व गट एकाच वेळी भारित राहू शकत नाहीत. उदाहरणासाठी फॉन्डापॅरिनक्स घेऊ. हेपॅरिनमधला तो महत्त्वाचा पाच शर्करांचा तुकडा प्रयोगशाळेत संपूर्णपणे बनवून हे औषध तयार झाले आहे, त्यामुळे त्याची रचना निर्विवाद माहीत आहे. त्यावर आठ सल्फेट आणि दोन कार्बॉक्झिल, म्हणजे प्रोटॉन सोडू शकणाऱ्या दहा जागा आहेत. यंत्रात त्याचा चार ऋणभारांचा आयन तयार झाला, तर उरलेल्या सहा जागांवर काहीतरी बसलेले असणारच. तो प्रोटॉन असेल तर सल्फेट गळण्याचा धोका आहे. तो सोडियम असेल तर सल्फेट टिकते, पण दुसरी समस्या उभी राहते: सहापैकी किती जागांवर सोडियम आहे यानुसार एकाच रेणूचे सात निरनिराळे आयन मिळतात, प्रत्येक सोडियमामागे वस्तुमान २१.९८२ डॉल्टनने सरकते आणि एका पदार्थाचा संकेत सात ठिकाणी विभागला जातो. नमुना शुद्ध असेल तर हे सहन करता येते. ऊतींमधून मिळालेल्या मिश्रणात, जिथे मुळातच डझनावारी घटक असतात, तिथे शिखरांची अशी गर्दी होते की कोणते शिखर कोणाचे हे सांगणे अशक्य होऊन बसते.

शिवाय घटक आधी वेगळे करणेही सोपे नसते. द्रव क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रण एका भरलेल्या नळीतून (स्तंभातून) वाहू देऊन घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत, सर्वाधिक वापरला जाणारा सी-१८ स्तंभ तेलकट स्वभावाच्या रेणूंना धरून ठेवतो, तर सल्फेटयुक्त शर्करा पाण्यात इतक्या रमतात की त्या स्तंभातून न थांबता निघून जातात. ट्रायब्युटिलअमाइनसारखी अमाइने मिसळून त्यांना थांबवता येते, आणि ही पद्धत प्रचलितही आहे, परंतु ती अमाइने यंत्रात चिकटून राहतात आणि नंतर त्याच यंत्रावर धनभारित आयनांचे काम करणाऱ्यांना त्यांचा उपद्रव बराच काळ होतो. अशा अतिआम्लधर्मी रेणूंचे केवळ एकूण वस्तुमान मिळवण्यासाठी युहास आणि बीमन यांनी १९९४ मध्ये वेगळी युक्ती मांडली होती. आर्जिनिनने भरलेले आम्लारिधर्मी पेप्टाइड त्यांनी या रेणूंशी जोडले आणि त्या जोडीचे वस्तुमान मोजून त्यातून पेप्टाइडचे वस्तुमान वजा केले. वस्तुमान मिळाले, जागा मात्र कळल्या नाहीत.

मोजण्याआधी रेणू बदलणे

रासायनिक डेरिव्हेटायझेशन म्हणजे रेणू यंत्रात घालण्यापूर्वी परीक्षानळीत त्याच्यावर ठरवून रासायनिक अभिक्रिया करणे आणि यंत्राला सोयीचे असे त्याचे रूप तयार करणे. याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे साखळीच्या एका टोकाला एखादे लेबल जोडणे. शर्करेच्या क्षपणकारी (म्हणजे मोकळा अल्डिहाइड गट देऊ शकणाऱ्या) टोकावरील अल्डिहाइड गटाशी ॲनिलिन, २-अमिनोबेन्झामाइड किंवा २-अमिनोॲक्रिडोन यांसारखे अमाइन जोडले की स्तंभावर पकड सुधारते आणि कोणता तुकडा कोणत्या टोकाचा हे कळते. साधे ॲनिलिन आणि कार्बन-१३ चे सहा अणू असलेले ॲनिलिन असे दोन नमुन्यांना वेगवेगळे लावले, तर सहा डॉल्टनच्या अंतराने दोन शिखरे शेजारीशेजारी येतात आणि त्यांच्या उंचीवरून प्रमाणाची तुलना करता येते. एन्झाइमांनी साखळीच्या द्विशर्करा (दोन शर्करांच्या जोड्या) करून त्यांची मोजदाद करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण टोकाचे लेबल सल्फेटला गळण्यापासून वाचवत नाही, त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहतो.

सल्फेट वाचवता येत नसेल, तर ते जाण्याआधी त्याची जागा टिकाऊ खुणेने नोंदवून ठेवावी, हा विचार मला या संपूर्ण क्षेत्रातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. भिंतीवर तसबिरी टांगलेल्या असताना उघडी भिंत पिवळ्या रंगाने रंगवली, मग तसबिरी उतरवल्या आणि त्यांच्या मागे राहिलेले कोरे चौकोन निळ्या रंगाने भरले, तर पुढे तसबिरी हरवल्या तरी कोणती तसबीर कुठे होती हे भिंत पाहून सांगता येते. जॉर्जिया विद्यापीठात जोशुआ शार्प यांच्या गटाने २०११ मध्ये काँड्रॉइटिन सल्फेट या हेपॅरिनसारख्याच दुसऱ्या सल्फेटयुक्त शर्करा-साखळीसाठी आणि २०१३ मध्ये हेपॅरिन व हेपॅरान सल्फेटसारख्या साखळ्यांसाठी जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे तीन टप्पे नेमके असेच आहेत: सर्व मोकळ्या जागांवर मिथाइल गट बसवणे, सल्फेट काढून टाकणे, आणि उघड्या पडलेल्या जागांवर ॲसिटिल गट बसवणे.

पहिला टप्पा म्हणजे परमिथायलेशन. डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड वापरून प्रत्येक हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजनच्या जागी मिथाइल आणण्याची ही पद्धत शर्करांच्या रसायनशास्त्रात जुनी आहे. चुकानू आणि केरेक यांनी १९८४ मध्ये तिचे सुटसुटीत रूप दिले. साध्या शर्करांसाठी ती नित्याची आहे, परंतु अतिसल्फेटयुक्त साखळ्यांच्या बाबतीत पहिलीच अडचण विरघळण्याची येते. हेपॅरिनचे सोडियम क्षार पाण्यात चटकन विरघळतात आणि डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये जवळजवळ विरघळतच नाहीत. म्हणून आधी आयन-विनिमय करून सोडियमच्या जागी ट्रायएथिलअमोनियमसारखा सेंद्रिय आयन आणावा लागतो. हा टप्पा वरवर किरकोळ दिसतो, पण माझ्या मते संपूर्ण पद्धतीचे यश इथेच ठरते, कारण न विरघळलेल्या साखळीवर मिथायलेशन अर्धवट होते आणि अर्धवट मिथायलेशनचे परिणाम पुढे किती दूर जातात हे थोड्या वेळात दिसेल. साखळीचे क्षपणकारी टोकही आधी सोडियम बोरोहायड्राइडने क्षपित करून घेतात. नाहीतर तीव्र अल्कलीत त्या टोकापासून एकेक शर्करा सुटत जाते. या सगळ्यातून सल्फेट गट आपापल्या जागी राहतात. प्रत्येक मिथाइलमागे वस्तुमान १४.०१६ डॉल्टनने वाढते.

दुसऱ्या टप्प्यात सल्फेट काढायचे असतात, पण शर्करांमधले बंध तोडायचे नसतात. तीव्र आम्ल वापरले तर दोन्ही तुटतात. त्याऐवजी साखळीचा पिरिडिनियम क्षार करून तो डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये, थोडे पाणी किंवा मिथेनॉल घालून, तापवला जातो. नायट्रोजनवरचे सल्फेट लवकर निघतात. ऑक्सिजनवरच्यांना जास्त उष्णता आणि वेळ लागतो. आता जिथे जिथे सल्फेट होते तिथे, आणि फक्त तिथेच, मोकळा हायड्रॉक्सिल किंवा अमाइन गट उरलेला असतो.

तिसऱ्या टप्प्यात पिरिडिनमध्ये ॲसेटिक ॲनहायड्राइडची अभिक्रिया घडवून या मोकळ्या जागा भरल्या जातात. इथे एक बारकावा आहे. हेपॅरान सल्फेटच्या काही ग्लुकोसामाइन शर्करांच्या नायट्रोजनवर निसर्गतःच ॲसिटिल गट असतो. आपणही साधेच ॲसिटिल बसवले, तर मुळात ॲसिटिल असलेला नायट्रोजन आणि मुळात सल्फेट असलेला नायट्रोजन यांच्यात फरक उरणार नाही. म्हणून ज्यातील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आहे असे ॲनहायड्राइड वापरतात. नैसर्गिक ॲसिटिलमुळे वस्तुमान ४२.०११ डॉल्टनने वाढते, तर ड्युटेरियमयुक्त ॲसिटिलमुळे ४५.०२९ डॉल्टनने. हे तीन डॉल्टनचे अंतर मास स्पेक्ट्रोमीटर सहज ओळखतो, आणि रासायनिक वर्तनात दोन्ही गट जवळपास एकच असल्यामुळे बाकी काहीही बिघडत नाही.

या रूपांतराने काय साधले ते काँड्रॉइटिन सल्फेटच्या उदाहरणातून पाहू. त्यातील गॅलॅक्टोसामाइन शर्करेचे चौथ्या आणि सहाव्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात आणि सल्फेट बहुधा त्यांपैकी एकावर असते. मूळ रूपात दोन्ही प्रकारांचे वस्तुमान सारखे, आणि टकरीनंतर सल्फेट गळाले की तुकडेही सारखे. रूपांतरानंतर पहिल्या प्रकारात चौथ्या जागी ॲसिटिल आणि सहाव्या जागी मिथाइल असते, दुसऱ्यात उलट. एकूण वस्तुमान अजूनही सारखेच राहते, परंतु आता दोन्ही गट टकरीत टिकणारे आहेत. शर्करेचे कडे आडवे मोडून सहाव्या कार्बनचा भाग वेगळा निघाला, तर त्या तुकड्याचे वस्तुमान दोन प्रकारांत ३१.०१४ डॉल्टनने वेगळे येते, आणि जागा निश्चित होते. दरम्यान संपूर्ण साखळीचा स्वभावही बदललेला असतो. ऋणभार संपलेले असतात, मिथाइल आणि ॲसिटिल गटांमुळे ती तेलकट झालेली असते, त्यामुळे अमाइने न मिसळताही सी-१८ स्तंभावर ती थांबते आणि सल्फेटच्या जागेत भेद असलेल्या साखळ्याही बऱ्याचदा वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. आधी ज्या सोडियमने गर्दी केली होती, तेच सोडियम आता उपयोगी पडते, कारण भारहीन साखळीवर एक-दोन सोडियम बसून स्वच्छ धनभारित आयन तयार होतात. एकूण वस्तुमानावरून पूर्वी सल्फेट किती होते हे लगेच मोजता येते. मिथाइलच्या जागी ॲसिटिल आलेल्या प्रत्येक स्थानामागे ३१.०१४ डॉल्टन वाढलेले असतात.

जिथे ही पद्धत फसवू शकते

या पद्धतीचा संपूर्ण आधार एका गृहीतकावर आहे: ॲसिटिल दिसले म्हणजे तिथे सल्फेट होते. पहिल्या टप्प्यात एखाद्या मोकळ्या हायड्रॉक्सिलवर मिथाइल बसायचे राहून गेले, तर तिसऱ्या टप्प्यात तिथे ॲसिटिल बसेल आणि जिथे सल्फेट कधीच नव्हते तिथे ते असल्याचा निष्कर्ष निघेल. उलट, तीव्र अल्कलीत एखादे सल्फेट आधीच निघाले आणि त्या जागी मिथाइल बसले, तर असलेले सल्फेट नोंदीतून गायब होईल. दुसऱ्या टप्प्यात काही सल्फेट उरले तर ते निदान वस्तुमानातून दिसते. पहिल्या दोन चुका अंतिम वर्णपटात दिसत नाहीत. म्हणून काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पहिल्या टप्प्यानंतर, सल्फेट जागेवर असतानाच, नमुन्याचा थोडा भाग ऋण आयनांच्या पद्धतीने तपासला जातो. पूर्ण मिथायलेशन झालेल्या शिखराच्या खाली १४.०१६ डॉल्टनवर शिखर दिसले, तर काम अपुरे झाले आहे हे तिथेच कळते. फॉन्डापॅरिनक्ससारखा ज्ञात रचनेचा पदार्थ त्याच दिवशी, त्याच द्रावणांतून, शेजारच्या नळीत नेणे हीसुद्धा उपयोगी सवय आहे. अशी तपासणी न करता काढलेल्या सल्फेटांच्या जागांवर, वर्णपट कितीही देखणा असला, तरी विश्वास ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका कार्बॉक्झिल गटाशी संबंधित आहे. परमिथायलेशनमध्ये युरोनिक आम्लाच्या कार्बॉक्झिलचा मिथाइल एस्टर होतो, आणि असा एस्टर तीव्र अल्कलीत असताना शेजारच्या चौथ्या कार्बनवरचा बंध तुटून साखळीच खंडित होऊ शकते. अभिक्रियेचा कालावधी आणि अल्कलीचे प्रमाण आटोक्यात ठेवणे हाच त्यावर उपाय. शिवाय तीन टप्पे आणि त्यांमधील शुद्धीकरणे यांत दर वेळी थोडा नमुना वाया जातो, त्यामुळे ऊतींमधून अत्यल्प प्रमाणात मिळणाऱ्या साखळ्यांसाठी ही पद्धत कठीण जाते.

एक मर्यादा तर तत्त्वतःच आहे. ग्लुक्युरोनिक आणि इड्युरोनिक आम्ले एकाच कार्बनभोवतीच्या अवकाशीय मांडणीत वेगळी असतात. त्यांच्यावरील गट तेच, वस्तुमानही तेच. मिथाइल आणि ॲसिटिल गट बसवून हा भेद वाढत नाही, त्यासाठी ज्ञात रचनेच्या पदार्थांशी क्रोमॅटोग्राफीतील वेळ ताडून पाहावी लागते किंवा चुंबकीय अनुनादाचा आधार घ्यावा लागतो. आणि साखळी लहान करण्यासाठी आधी हेपॅरिन लायेज (साखळी तोडणारी) एन्झाइमे वापरली असतील, तर जिथे साखळी तुटते तिथल्या युरोनिक आम्लात दुहेरी बंध तयार होऊन हा भेद तिथे कायमचाच नाहीसा होतो, मग पुढे कोणतीही पद्धत वापरली तरी.

प्रथिनांवरचे सल्फेट

हाच विचार शर्करांपलीकडेही लागू पडतो. अनेक प्रथिनांत टायरोसिन या अमिनो आम्लावर सल्फेट असते. पेशीवरील सीसीआर-५ या ग्राहीच्या टोकाशी असलेल्या अशा सल्फेटयुक्त टायरोसिनांचा एचआयव्हीला पेशीत शिरताना उपयोग होतो. हे सल्फेटही टकरीत इतक्या सहज गळते की उरलेला टायरोसिन अगदी सामान्य दिसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत आधी पेप्टाइडातील सगळे मोकळे टायरोसिन ॲसिटिल गटाने झाकले जातात. सल्फेट असलेल्या टायरोसिनवर ॲसिटिल बसू शकत नाही. मग यंत्रात सल्फेट गळू दिले जाते, आणि ज्या टायरोसिनवर काहीच उरलेले दिसत नाही, तोच मुळात सल्फेटयुक्त होता असे ठरते. इथे गळणे हा दोष राहत नाही, तोच पुरावा होतो. फॉस्फेट असलेल्या टायरोसिनवरही ॲसिटिल बसत नाही हे खरे, पण टायरोसिनवरचे फॉस्फेट टकरीत बऱ्यापैकी टिकून राहते, त्यामुळे दोघांची गल्लत टळते. शर्करांच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत खूपच सोपी आहे, कारण इथे एकच अभिक्रिया पुरते.

रूपांतराशिवायचा मार्ग

रेणू न बदलता यंत्रच बदलण्याचा प्रयत्नही समांतर चालू आहे. टकरीऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून ऋण आयनातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, किंवा तो दुसऱ्या आयनाकडे सोपवायला लावला, तर साखळी सल्फेट गळण्याची वाट न पाहता मोडते आणि शर्करांची कडी आडवी तुटून जागांची माहिती थेट मिळते. जॉर्जिया विद्यापीठातच जॉन ॲम्स्टर यांच्या गटाने या पद्धती ग्लायकोसअमिनोग्लायकनांसाठी (हेपॅरिन, काँड्रॉइटिन सल्फेट यांसारख्या साखळ्यांसाठी) विकसित केल्या. २०११ मध्ये ॲम्स्टर आणि रॉबर्ट लिनहार्ट यांच्या गटांनी मिळून बिकुनिन या प्रथिनावरील संपूर्ण काँड्रॉइटिन सल्फेट साखळीचा क्रम वाचला, आणि जनुकात न लिहिलेल्या साखळीतही काही ठरलेला क्रम असू शकतो हे दाखवले. मात्र अशी यंत्रे महाग आणि दुर्मीळ आहेत, आणि तिथेही उरलेल्या प्रोटॉनांच्या जागी सोडियम आणून सल्फेट सांभाळण्याची कसरत करावीच लागते. रासायनिक रूपांतराची पद्धत मात्र अनेक प्रयोगशाळांत असलेल्या साध्या आयन-ट्रॅप यंत्रावरही चालते. यंत्र नाही पण रसायनाचा सराव आहे, अशा प्रयोगशाळेने हा मार्ग निवडावा असे मला वाटते. उलट नमुना नखभरही नाही आणि वरच्या दर्जाचे यंत्र हाताशी आहे, तिथे रूपांतराच्या तीन टप्प्यांत तो घालवण्यात अर्थ नाही.

या तपशिलाची व्यवहारात किती गरज पडते, हे २००८ साली दिसले. हेपॅरिन दिलेल्या रुग्णांमध्ये अमेरिका आणि जर्मनीत अचानक तीव्र प्रतिक्रिया आढळू लागल्या, काही मृत्यूही झाले, आणि तपासात औषधात अतिसल्फेटयुक्त काँड्रॉइटिन सल्फेट मिसळलेले सापडले. त्याच्या प्रत्येक द्विशर्करेवर चार सल्फेट होते, म्हणजे हेपॅरिनपेक्षाही जास्त. तेही रक्त गोठणे काही प्रमाणात रोखत असल्यामुळे, केवळ त्या गुणावर आधारलेल्या तेव्हाच्या चाचण्यांतून ते निसटले होते. ते ओळखले चुंबकीय अनुनाद आणि केशिका इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतींनी. त्यानंतर औषधसंहितांमधील हेपॅरिनचे निकष बदलले आणि या रचना तपासणाऱ्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. मिथाइल आणि ॲसिटिलच्या मार्गाने साखळी वाचण्याची पद्धत अशा दैनंदिन तपासणीसाठी नाही, ती त्यासाठी फार संथ आहे. तिचे काम त्या पुढचे आहे: एखादे प्रथिन शेकडो प्रकारच्या साखळ्यांमधून चार-सहा शर्करांचा एकच तुकडा निवडून धरते तेव्हा त्या तुकड्यावर सल्फेट कोणत्या जागी होते हे सांगणे, म्हणजे तोच तुकडा प्रयोगशाळेत बनवून पाहता येईल. फॉन्डापॅरिनक्सचा जन्म अशाच माहितीतून झाला होता. तो क्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक प्रयोगशाळांच्या दीर्घ श्रमांनंतर हाती आला. हेपॅरान सल्फेटला धरणारी आणखी शेकडो प्रथिने आज माहीत आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना कोणता क्रम हवा असतो, किंवा ठरावीक क्रम हवा असतो की नाही, हे अजून वाचायचे आहे.